धाकट्याच्या गाडीची शिंक

बुकित बेरापितच्या चढावर गाडीच्या मागून पांढराशुभ्र धूर निघू लागला तेव्हा महझानला आधी वाटलं, रस्त्याकडेला कुणीतरी पाचोळा जाळतंय. मग वाटलं, डोंगरावरून ढग उतरलाय. तैपिंगच्या माणसाला ढगाचं काय कौतुक, तिथे ढग पाहुणा म्हणून येत नाही, भाडेकरू म्हणून राहतो. तिसरं काही वाटायच्या आत उष्णतेचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला आणि शेजारी बसलेली रोकिया शांतपणे म्हणाली, "अहो, तो धूर आपलाच आहे."

रमझानचा महिना, भर दुपार, दोघांचेही रोजे. महझानने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या सवयीने सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं, आणि खाली रस्त्यावर गळलेला एक थेंबही दिसत नव्हता. इंजिन निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसून राहिली. मग डिकीतला पाण्याचा डबा काढून त्याने ओतायला सुरुवात केली. इंजिन घटाघटा प्यायलं. पहाटेपासून घशाखाली थुंकीही न गिळलेला महझान ते ऐकत उभा राहिला. रोज्यात दुसऱ्याला पाणी पाजण्याचं पुण्य मोठं असतं म्हणतात, पण त्यात इंजिन धरतात की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी त्याची नव्हती, हीच खरी पंचाईत होती. ती त्याच्या धाकट्या भावाची, इझहामची. वरून बघाल तर गल्लीतल्या कुठल्याही मास्तराकडे असते तशी साधी देशी गाडी. पण आत इंजिन होतं जपानी टर्बो. जपानातून अर्ध्या कापून आणलेल्या गाड्या इथल्या गोदामांत पोत्यांसारख्या रचून ठेवलेल्या असतात. त्यांतलं एक इंजिन हुडकून इझहामने ते या गाडीत बसवलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबतो आणि गाडी पिसाळते. पाय उचलला की कोंबलेली जादा हवा एका झडपेतून बाहेर पडते, 'प्शूऽऽ' असा आवाज करत. महझानच्या मते हा आवाज सभ्य माणसाच्या गाडीला शोभणारा नव्हता. आई म्हणायची, "धाकट्याची गाडी शिंकते."

आई लेंगगाँगच्या गावच्या घरात. साखरेच्या आजाराने तिची दृष्टी नेली होती, पण कान शाबूत होते. दर वर्षी रायाच्या, म्हणजे ईदच्या, आदल्या दिवशी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. सुरावच्या, म्हणजे गावच्या छोट्या मशिदीच्या, कोपऱ्यावर गाडी शिंकली की कठडा धरून उठायची आणि शेवटच्या पायरीपर्यंत खाली यायची. महझानची गाडी त्याच कोपऱ्यावरून, त्याच दिवशी, बहुधा इझहामच्या आधी यायची. तेव्हा आई बसल्या जागेवरून म्हणायची, "कोण, थोरला का? ये, वर ये." वाईट काहीच नव्हतं त्यात. पण पन्नाशी उलटलेल्या, डोक्यावर सोंगकोकची काळी टोपी घालून कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या मनाला कुठली गोष्ट लागावी याला काही धरबंध नसतो. महझानला ती लागली होती, आणि दर वर्षी नव्याने लागत होती.

मागच्या रायानंतर डेंग्यूच्या तापाने इझहाम गेला. चांगला हसता-खेळता माणूस, आठवडाभरात गेला. त्याची बायको माहेरी जोहोरला निघून गेली. जाताना गाडीची किल्ली महझानच्या हातात ठेवून म्हणाली, तुम्हीच ठेवा, मला ती बघवत नाही. आणि यंदा रमझान लागला तसा गावाहून मधल्या बहिणीचा, अंगाहचा फोन आला. आईचा निरोप होता: थोरल्याला म्हणावं, धाकट्याची गाडी घेऊन ये. कोपऱ्यावर एकदा शिंकू दे. मग मी म्हणेन राया झाली.

झालं, महझान कामाला लागला. आईला ती शिंक ऐकवायची. आणि मनाच्या तळाशी, जिथे सोंगकोक घातलेला माणूस सहसा जात नाही, तिथे एक बारीकशी हावही होती: यंदा आई उठेल, पायऱ्या उतरेल, आणि समोर मी उभा असेन. म्हणून तर तो गाडीला चढाची सवय करायला बेरापितवर घेऊन गेला होता. आणि तिथेच माशी शिंकली.

मोटार ओढून घरी आणली. इथल्या जोडघरांच्या गल्लीचा एक नियम आहे. कुणाच्या घरी मयत झालं तर लोक विचारपूस करून येतात. कुणाच्या दारात बॉनेट उघडं दिसलं तर न विचारताच येतात. त्यातून रमझानची संध्याकाळ. उपास सुटायला अवकाश, पोटात काही नाही, तोंडाला मात्र काम हवं.

पहिले आले पाक लेमान. सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झालेले. अजूनही ते इंजिनाकडे आज्ञाभंग केलेल्या शिपायाकडे बघावं तसं बघतात. त्यांनी विचारलं, थर्मोस्टॅट आहे का? महझानला थर्मोस्टॅट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, पण नाही म्हणणं जिवावर आलं. तो म्हणाला, असावा. पाक लेमानांनी मान हलवली. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा अडसर, असं त्यांनी समजावलं.

"बर्फाच्या देशातली वस्तू आहे ती," पाक लेमान म्हणाले. "आपल्याकडे कुणी लोकरीची टोपी घालून फिरतं का? काढून फेकून दे. मी अख्ख्या पलटणीचे फेकलेत."

दुसरे आले सेल्वाराजू. हे रेल्वेतले. पाक लेमान 'हो' म्हणाले की 'नाही' म्हणायचं आणि 'नाही' म्हणाले की 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणायचं, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. त्यांनी बोट लावून पाइप दाबला, हुंगला, आणि सांगितलं की आत कुठेतरी बारीक भेग आहे. रेडिएटरमध्ये अंड्याचं पांढरं टाक. पाणी तापलं की ते शिजेल आणि भेगेत जाऊन बसेल. पाक लेमान म्हणाले, रेल्वे उशिरा का येते ते आज कळलं. मग दोघांचं जुंपलं, आणि अजान झाली तेव्हा कुठे दोघं आपापल्या घरी गेले.

महझान सरकारी माणूस. दोन तज्ज्ञांची मतं विरुद्ध असली की कचेरीत दोन्हींची अंमलबजावणी करतात. थर्मोस्टॅट काढायला हात पोचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने आधी अंडी फोडली. पिवळं रोकियाने श्रीकायाचा गोड मुरंबा करायला ठेवून घेतलं, पांढरं गाडीला मिळालं. इंजिन चालू केलं, पाणी तापलं, आणि ऐन रोज्याच्या चार वाजता अख्ख्या गल्लीत ऑम्लेटचा वास सुटला. लोक दारात आले. एकदोघांनी महझानच्या स्वयंपाकघराकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्याच्या धर्मनिष्ठेवर संशय घेणारी होती. त्या संध्याकाळी सुरावमध्ये नमाजाला त्याच्या शेजारी कुणी उभं राहतं की नाही अशी त्याला धास्ती वाटली. धूर तसाच निघत राहिला, फक्त आता त्याला चव आली.

शेवटी गाडी गेली तौके, म्हणजे गॅरेजमालक, आ हेंगकडे. हेच गॅरेज इझहामचं नेहमीचं. इंजिन इथेच बसवलं होतं. आ हेंग हा चिनी गृहस्थ गाडीचा आजार सांगताना मयताला आल्यासारखा चेहरा करतो. त्यामुळे बरी होणारी गाडी आणि न होणारी गाडी यांतला फरक गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळत नाही. त्याने तेलाचं झाकण उघडून दाखवलं. आत काळ्या तेलाच्या जागी घट्ट, दूध घातल्यासारखा पिवळट फेस होता, थेट तेह तारिकच्या फेसाळ चहासारखा. रोजेदार महझानला त्याची किळस यायला हवी होती. त्याऐवजी तहान लागली.

मग आ हेंगने रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवली. तीत निळं पाणी होतं. इंजिन चालू केलं तसे खालून बुडबुडे येऊ लागले आणि बघता बघता निळं पाणी पिवळं पडलं. म्हणजे इंजिनाचा धूर पाण्यात शिरतोय, आ हेंग म्हणाला. इंजिनाचं धड आणि डोकं यांच्यामध्ये एक पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो, तेच हेड गॅस्केट. आग, पाणी आणि तेल अशी तीन भावंडं एका घरात भांडू नयेत म्हणून घातलेली ती भिंत. भिंत फुटली की पाणी आगीत जातं, त्याचा पांढरा धूर होतो. तेलात जातं, त्याचा चहा होतो. आणि आग पाण्यात शिरते, तिने पाणी उसळून जातं. म्हणून खाली थेंब न सांडता रेडिएटर रिकामा.

इतकं सांगून त्याने रेडिएटरमधून चिमट्याने एक पांढरं, लिबलिबीत काहीतरी बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"हे काय?"

"आधीच्या मालकाने काही घातलं असेल," महझान म्हणाला.

आ हेंगने त्याच्याकडे पाहिलं. "इझहामने?" तो म्हणाला. "इझहाम या इंजिनात अंडं घालणार नाही, साहेब. तो स्वतः जेवायच्या आधी याचं तेल बघायचा."

 मेलेल्या भावावर अंड्याचा आळ घेतला ही गोष्ट महझानला फार लागली. रोकियालाही ती त्याने सांगितली नाही.

आ हेंगने गॅस्केट बदललं. पाक लेमानांच्या सल्ल्याबद्दल विचारल्यावर तोही म्हणाला, हो हो, काढूनच टाकू, आपल्याकडे कशाला हवा थर्मोस्टॅट. आणि काढून टाकला. इंजिनाचं डोकं मशीनवर घासून सपाट करून आणायला हवं होतं, पण राया जवळ आलेली, गावी जाणाऱ्या सगळ्या देशाच्या गाड्या मशीनवाल्याकडे रांगेत. तेव्हा आ हेंगने ते हाताने पुसलं, डोळा मिटून एका बाजूने बघितलं आणि 'चालेल' म्हणाला. चालेल या शब्दावर हा देश चालतो आणि कधीकधी कठड्याला टेकून उभाही राहतो.

दरम्यान दुसरं लचांड उभं राहिलं. गाडी अजून इझहामच्या नावावर. मेलेल्या माणसाची गाडी नावावर करून घ्यायची तर वारसा हक्काचा आदेश हवा, आणि तो मिळतो जमीन कचेरीत. महझान स्वतः तिथलाच, त्याच टेबलावरचा. आजवर किती वारसांना त्याने 'एक प्रत कमी आहे, उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं याची गणती नाही. आता स्वतःचं प्रकरण स्वतःला हाताळता येईना, म्हणून ते गेलं शेजारच्या टेबलावर नोरहायातीकडे. ही मुलगी महझाननेच तयार केलेली. तिने आदबीने उठून सलाम केला, आदबीने कागद तपासले आणि आदबीने सांगितलं की मृत्यूच्या दाखल्याची प्रत साक्षांकित नाही.

"अगं, मी त्याचा सख्खा भाऊ. मीच पुरलंय त्याला."

"ते खरं आहे साहेब," नोरहायाती म्हणाली. "पण फाइलमध्ये तसं कुठे दिसत नाही. तुम्हीच शिकवलंत."

महझान रांगेच्या खुर्चीवर जाऊन बसला. ती खुर्ची इतकी टोचते हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

आदेश मिळाला. मग सरकारी तपासणी केंद्रात गाडी नेऊन दाखवायची. महझान रांगेत उभा राहिला. पुढे लॉऱ्या, मागे टॅक्सी, वर ऊन. काटा चढू लागला. महझानने काचा खाली केल्या, जणू गाडीला वारा घातल्याने ती निवणार होती. काटा चढतच राहिला. आणि तपासणीदाराने हाताने 'या' म्हटलं त्याच क्षणी रेडिएटरचं झाकण उडून पाण्याचा फवारा छतापर्यंत गेला. मागच्या टॅक्सीवाल्याने उतरून महझानला विचारलं, "काका, आंघोळीला आलात का?" रांगेतले सगळे हसले. महझानने आयुष्यभर दुसऱ्यांच्या रांगा पाहिल्या होत्या. रांगेतले लोक इतक्या मोकळेपणाने हसतात हे टेबलाच्या त्या बाजूने कधी दिसलं नव्हतं.

तिथून मात्र महझान बदलला. एकच फाइल दुसऱ्यांदा तशीच परत आली की त्याचं डोकं फिरतं. आ हेंग पुन्हा नवं गॅस्केट बसवायला निघाला, तर हा दारातच उभा.

"का गेलं ते आधी सांग."

"पाणी तापलं म्हणून."

"आणि पाणी का तापलं?"

"गॅस्केट गेलं म्हणून."

"अशी फाइल मी परत पाठवतो," महझान म्हणाला, आणि त्याने स्टूल ओढून ठाण मांडलं.

त्या दिवसापासून कचेरी सुटली की तो गॅरेजमध्ये. तेलकट स्टुलावर पाय जुळवून बसायचा आणि प्रश्न विचारायचा. आ हेंगने आधी चिडून बघितलं, मग रेडिओ मोठा करून बघितलं, शेवटी हात टेकले. माणूस उपाशी असून इतकं बोलू शकतो, तर जेवल्यावर काय करत असेल, असं तो आपल्या बायकोला म्हणाल्याचं महझानच्या कानावर आलं. पण दोघांनी मिळून इंजिन खोललं, आणि एकेक पाप बाहेर येऊ लागलं.

पहिलं पाप पेट्रोलचं, आणि ते खुद्द महझानचं. इझहाम महागाचं पेट्रोल भरायचा. महझानच्या मते सरकार जे पेट्रोल सवलतीत देतं ते न भरणं म्हणजे सरकारचा अपमान. पण टर्बो हवा कोंबून कोंबून दाब वाढवतो, त्या दाबाखाली हलकं पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपल्या मर्जीने पेट घेतं. दर वेळी आत हातोडा पडतो आणि डोकं धडापासून किंचित उचललं जातं. चढावर टकटक असा आवाज येत होता खरा. महझानला वाटलं होतं, नंबरपाटीचा स्क्रू सैल झालाय.

दुसरं पाप आ हेंगच्या 'चालेल'चं. डोक्यावर पोलादी पट्टी उभी धरून मागून बॅटरी लावली तर फटीतून लख्ख उजेड दिसला. तापून डोकं वाकलं होतं. वाकड्या डोक्याखाली कितीही नवं गॅस्केट घाला, ते टिकणार कसं?

तिसरं पाप गल्लीचं. या इंजिनात थर्मोस्टॅट नुसता अडसर नव्हता. पाणी तापलं की तो एका हाताने रेडिएटरची वाट उघडायचा आणि दुसऱ्या हाताने आतली आडवाट बंद करायचा. तो काढून टाकल्यावर आडवाट कायमची उघडी राहिली, आणि बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता आतल्या आत फेऱ्या मारत बसलं. आ हेंगने कागदावर काढून दाखवलं तेव्हा महझानला ते पहिल्याच फटक्यात समजलं. कचेरीतले अर्ज हुबेहूब असेच फिरतात.

मग सगळं रीतसर झालं. डोकं मशीनवर सपाट झालं; त्यासाठी महझान स्वतः मशीनवाल्याच्या दारात बसून राहिला. अनेक पदरांचं पोलादी गॅस्केट आलं. जाड बोल्ट आले आणि ते मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, क्रमाने आवळले गेले. महझान क्रम मोठ्याने म्हणायचा आणि आ हेंग दात-ओठ खाऊन आवळायचा. नवा थर्मोस्टॅट बसला. नळाच्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट आलं. टाकीत महागाचं पेट्रोल पडलं आणि टर्बोचा दाब उतरवला गेला. महझान पाक लेमानांना सुनावू लागला की गाडी चालू केल्याबरोबर पिटाळायची नाही, आणि थांबवताना एकदम बंद करायची नाही, टर्बोला निवायला वेळ द्यायचा. पाक लेमानांनी पलटणीतल्या ट्रकांची आठवण काढली, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. सेल्वाराजू म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं.

तपासणीदाराने या वेळी गाडी खालून, वरून, आतून बघितली. इंजिनाचा क्रमांक जुळला, काटा मधोमध. महझान परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापासारखा उभा. तपासणीदाराने शेवटी इंजिनाचा वेग वाढवून एकदम सोडला. प्शूऽऽ. त्याने मान हलवली. ही झडप हवा बाहेर सोडते, तो म्हणाला, फार आवाज करते, चालणार नाही. आतल्या आत परत सोडणारी लावा आणि या.

आ हेंगने ती तासाभरात बदलून दिली. गाडी पास झाली. कागद हातात आले. मग आ हेंगने जुनी झडप पुसली आणि पाना उचलला.

"आता ही परत लावून देतो," तो म्हणाला. "पास झाल्यावर सगळेच लावतात. दाब उतरवलाय, इंजिनाला काही होत नाही. फक्त शिंकेल पहिल्यासारखी."

आणि महझान नको म्हणाला.

पास झालेल्या गाडीत पास न झालेली वस्तू बसवणं आपल्याला जमणार नाही, असं त्याने सांगितलं. आपण सरकारी माणूस. आ हेंगला हे कळेना. गल्लीत पाक लेमान आणि सेल्वाराजू यांना तर इतकं कळेना की त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. रात्रीच्या जेवणानंतर रोकियाने विचारलं, "आणि आई? त्यांनी शिंक मागितली होती ना?"

"आईला गाडी आली म्हणजे झालं," महझान म्हणाला. "ऐंशीची झाली ती आता. आवाजाचं काय एवढं?"

 तीस वर्षांच्या संसारात रोकियाला एक कळलं होतं, की नवरा कायद्याचं नाव घेतो तेव्हा कायद्याच्या मागे दुसरं कुणीतरी लपलेलं असतं. आणि होतंच. इतके दिवस उन्हात, उपाशी, लोकांचं हसू झेलत ही गाडी त्याने उभी केली होती. इझहामने तिला मस्ती शिकवली. माणसात आणली ती महझानने. आता तिने कोपऱ्यावर जाऊन पुन्हा इझहामचंच नाव घ्यावं? एकदा, फक्त एकदा, आईने गाडीवरून हात फिरवून म्हणावं की थोरल्याने किती छान केलीय. एवढंच त्याला हवं होतं. वाईट काहीच नव्हतं त्यात.

रायाच्या आदल्या दिवशी दोघं निघाली. बेरापितच्या चढावर महझानने श्वास रोखला. काटा मधोमध. दुसऱ्यांच्या गाड्या कडेला उभ्या होत्या, बॉनेटं उघडी, माणसं टोप्यांनी वारा घालत. महझान प्रत्येकीकडे डॉक्टरच्या नजरेने बघत गेला.

"किती शांत चालते हो," रोकिया म्हणाली. महझानला इतकं बरं वाटलं की लेंगगाँगचा फाटा येईपर्यंत तो गुणगुणत होता.

सुरावच्या कोपऱ्यावर त्याचा पाय आपोआप उचलला गेला. आत कुठेतरी हवेने हलकेच श्वास घेतला, बाहेर काही आलं नाही. वळण संपलं आणि घर दिसलं. आई वरच्या पायरीवर बसली होती. अंगात नवा पोपटी कुरुंग, डोक्यावर इस्त्रीची ओढणी, आणि तोंड कोपऱ्याकडे. गाडी अंगणात शिरली, पायऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. आईचं तोंड कोपऱ्याकडेच होतं.

महझानने नियमाप्रमाणे टर्बो निवू दिला, मग इंजिन बंद केलं. दाराचा आवाज झाला तेव्हा आईने मान वळवली.

"कोण आलं गं?"

अंगाह घरातून ओढणीला हात पुसत आली. "थोरला आलाय, आई. वहिनी पण आहेत."

"ये रे, वर ये," आई म्हणाली. आणि पुन्हा कोपऱ्याकडे तोंड करून तिने विचारलं, "धाकट्याची गाडी नाही आणलीस?"

अंगाहने महझानकडे पाहिलं.  शेवटी अंगाहच म्हणाली, "हीच ती, आई. तुझ्यासमोर उभी आहे."

आई कठडा धरून उठली. एकेक पायरी उतरत शेवटच्या पायरीवर आली, मग अंगणातही उतरली. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तिने बॉनेटवर हात ठेवला. महझान तिच्या समोरच उभा होता.

"कोपऱ्यावरूनच आलास?"

"हो, आई."

"मला ऐकू नाही आली."

 दफनाच्या दिवशी ती रडली नव्हती. धाकटा लांब आहे, कामात असेल, अशा थाटात वर्षभर वावरली होती, आणि कुणी तिला अडवलं नव्हतं. आता तिने हात काढून घेतला.

"म्हणजे धाकटा खरंच गेला," ती म्हणाली.

अंगाहने तिला धरून वर नेलं. रोकिया पिशव्या घेऊन मागोमाग गेली. महझान अंगणात एकटा राहिला. त्याने दार उघडून खटका ओढला, बॉनेट वर केलं आणि आत डोकं घातलं. वरून अंगाहने विचारलं, काही बिघडलंय का रे दादा? बघतो, तो आतूनच म्हणाला. त्याने सगळं नीट बघितलं. पाइप हवा तितका मऊ होता, तेल स्वच्छ होतं, कुठे थेंबभर ओल नव्हती. इंजिनात काहीही बिघडलेलं नव्हतं. तो तसाच आत वाकून उभा राहिला, संध्याकाळच्या मगरीबची अजान होईपर्यंत.